वन्सं आणि एकशे चाळीस ग्रॅम

माझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा वन्संनी पळवला त्याला आता अठरा वर्षं झाली. मी तो केकसाठी आणला होता. चांगला, एकेक ग्रॅम दाखवणारा. दुसऱ्याच दिवशी वन्संनी तो उचलला, उलटा करून पाहिला, त्यावर मिठाची डबी ठेवली, काढली, परत ठेवली आणि म्हणाल्या, "हा बरा आहे." झालं. तेव्हापासून तो बोटींच्या फ्रीजमध्ये जाणारा गॅस मोजतो आणि माझा केक अंदाजपंचे होतो. केक मधोमध खचला की नाक मुरडायला पुन्हा वन्संच पुढे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या आमच्याकडे राहतात असं मी म्हणते आणि आम्ही त्यांच्याकडे राहतो असं त्या म्हणतात. घराच्या कागदावर नाव त्यांचं आहे, त्यामुळे हा वाद मी फार ताणत नाही. वय बासष्ट, उंची बेताची, तोंडाचा पट्टा मात्र भरपूर लांब. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "वेळ कुठे मिळाला?" आणि ते अगदी खरं वाटावं अशा त्यांच्या कामाच्या वेळा आहेत.

काम काय, तर बोटींवरचे फ्रीज दुरुस्त करणं. पस्तीस वर्षं त्या हेच करताहेत. सुरुवात झाली बर्फाच्या कारखान्यात. तिथे त्या टेबलाशी बसून पत्रं टाइप करायच्या. यंत्र बंद पडलं की मेकॅनिक तीन दिवसांनी उगवायचा आणि तोवर वन्संना काही कामच नसायचं. रिकामं बसणं त्यांना सोसत नाही. त्या मेकॅनिकच्या डोक्यावर जाऊन उभ्या राहायला लागल्या. हे काय, ते कशाला, हे असंच का. वर्षभराने मेकॅनिकच त्यांना विचारायला लागला. दीड वर्षाने त्याने येणंच सोडलं, कारण तो पोचेपर्यंत यंत्र चालू झालेलं असायचं.

आमची मुलं त्यांना आत्या म्हणतात, म्हणून हळूहळू बंदरावरचा सगळा धक्का त्यांना आत्या म्हणायला लागला. पांढऱ्या दाढीचे, सत्तरी ओलांडलेले कप्तानसुद्धा "आत्या, जरा येऊन जाल का?" असं नाक मुठीत धरून विचारतात. त्यातल्या निम्म्यांनी आत्यांचा चेहरा धड पाहिलेला नाही. बोटीवर फ्रीजचं यंत्र कुठल्यातरी बाकाखालच्या बिळात बसवलेलं असतं, त्यात डोक्यानेच शिरावं लागतं, आणि बाहेर उरतात ते वन्संचे दोन पाय आणि शिव्या.

घरातला फ्रीज कसा, भिंतीला टेकून उभा राहतो आणि भिंतीतली वीज पितो. बोटीवरचा बिचारा चोवीस तास हलतो, खारी हवा खातो आणि बॅटरीवर जगतो. त्यामुळे त्याची दुखणी वेगळी. पण लोकांना वाटतं, फ्रीज गार होत नाही म्हणजे गॅस संपला. हे वाक्य वन्संसमोर उच्चारायचं नाही. "संपला? तो काय चुलीचा गॅस आहे संपायला?" इथून जी सुरुवात होते ती ऐकणाऱ्याने कानाला खडा लावेपर्यंत थांबत नाही. गॅस त्या नळ्यांतून नुसता फिरत असतो. नळीला भोक नसेल तर तो तुमच्या नातवंडांपर्यंत पुरेल. कमी झाला असेल तर गळती आहे, ती आधी शोधा. आणि "थोडासा टाकून बघू" म्हणणारा मेकॅनिक दिसला, तर त्याला धक्क्यावरून ढकलून द्या, नाव माझं सांगा. हे सगळं मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यांचा नियमच आहे: आधी वीज, मग पाणी, सगळ्यात शेवटी गॅस. आधी यंत्राला पुरेशी वीज पोचते का ते बघायचं. मग त्याला थंड ठेवणारं समुद्राचं पाणी नीट फिरतंय का ते. ही दोन्ही ठीक असली तरच गॅसच्या नळीला हात लावायचा. गॅस भरला की यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवायची, तीवर तारीख, किती ग्रॅम भरला ते, आणि सही. वायरींना जोड दिला की तो टेप लावून वर मेणाच्या पांढऱ्या दोऱ्याने बांधायचा, तीन गाठी. "टेप पुरत नाही का?" असं मी एकदा विचारलं होतं. "टेप सुटते, वहिनी. दोरा लाजेकाजेस्तव तरी टिकतो." असं त्यांचं शास्त्र.

मी या सगळ्यात कुठे, तर फोन घेते, वेळा देते, आणि अवघड काम असलं की काटा घेऊन बोटीवर जाते. पाण्याची मला भीती वाटते. फळीवरून बोटीवर चढताना माझी पाचावर धारण बसते, आणि ते बघून वन्संना जे हसू फुटतं त्यासाठीच त्या मला नेतात असा माझा पक्का संशय आहे.

आता पक्कडची गोष्ट सांगायला हवी. पँटच्या मागच्या खिशात कायम पक्कड असायची म्हणून वन्संनी त्याला हे नाव पाडलं. नऊ वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता. आला तेव्हा पाना कुठल्या बाजूने धरायचा तेही माहीत नव्हतं, गेला तेव्हा वन्संच्या खालोखाल धक्क्यावर त्याचंच नाव घेतलं जायचं. नऊ वर्षं सकाळचा नाश्ता आमच्याकडे. ऑम्लेटला मिरची कमी हवी, पाव कडक भाजलेला हवा, चहाला साखर दोन चमचे. हे सगळं मी केलं, विसरू नका. आणि चार वर्षांपूर्वी एका सकाळी वन्संनी खिडकी उघडली तर रस्त्यापलीकडे पाटी: 'बोटीवरील फ्रीज दुरुस्ती'. खाली त्याचं नाव.

आदल्या संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला होता. उंबऱ्याशी पायाने पाय घासत "वहिनी, आत्या आहेत का?" म्हणाला, वन्सं आतून "काय रे?" म्हणाल्या, आणि तो "काही नाही, सहज" म्हणून निघून गेला. एक वाक्य बोलला असता तर वन्संनी स्वतः त्याची पाटी रंगवून दिली असती, हे मला आजही वाटतं. पण पाटीवरून कळलं, आणि वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून बोलणं बंद. तो रस्त्यात मान तुकवून नमस्कार करायचा आणि वन्सं त्याच्या आरपार बघून जायच्या. तो पक्कड राहिला नाही, 'तो समोरचा' झाला. मला तर त्यांच्याहून जास्त राग आला होता. नऊ वर्षांची ऑम्लेटं काही थोडी होतात का?

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या बोटीवरच्या सिस्टर घराखालच्या आमच्या दुकानात आल्या. ही बोट बेटांवरच्या वस्त्यांना औषधं आणि लसी पोचवते. अशा तीन बोटी आहेत आणि तिन्हींच्या फ्रीजचं काम पक्कडकडे होतं. सिस्टर शांत बाई आहेत, पण त्या दिवशी त्यांचा पारा चढलेला होता.

"आत्या, तिसऱ्यांदा झालं हे. अर्ध्या वाटेत फ्रीज गार करायचं सोडतो. मागच्या वेळी लसी बर्फाच्या पेटीत टाकून परत आणल्या मी. तो दोनदा येऊन गेला. एकदा नवा गॅस भरला, एकदा कॉम्प्रेसरची इलेक्ट्रॉनिक पेटी बदलली. काही फरक नाही. परवा सकाळी मला निघायचंय."

"मग त्यालाच बोलवा की," वन्सं म्हणाल्या.

"वरून विचारणा झालीय. तुम्ही येऊन तपासा आणि काय बिघडलंय, कुणाच्या कामामुळे बिघडलंय ते लिहून द्या. त्याचा दोष निघाला तर तिन्ही बोटी त्याच्याकडून काढून घेणार आहेत. तुमचा शब्द शेवटचा धरतील."

त्या तीन बोटींवरच पक्कडचं पोट होतं, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी दोन-चार किरकोळ कामं. घरी बायको आणि दोन लहान मुली. वन्संना हे माझ्याइतकंच माहीत होतं.

"बघते," वन्सं म्हणाल्या. आवाज एकदम सपाट. माझ्या मात्र मनात उकळ्या फुटत होत्या, कशाला खोटं बोलू. मी काटा उचलला आणि पहिल्यांदाच बोटीवर जायला त्यांच्या आधी तयार झाले.

फळीवरून मी काटा छातीशी धरून, डोळे अर्धे मिटून गेले. आत खालच्या खोलीत डावीकडे बाक, बाकाच्या टोकाला वरून उघडणारा पांढरा फ्रीज, आणि बाकाखाली कॉम्प्रेसर. तो तेव्हा चालू होता. वन्संनी फ्रीजचं झाकण उघडून आतल्या पत्र्यावर तळहात ठेवला. या पत्र्यावर सगळीकडे सारखं दव गोठलं तर तब्येत ठणठणीत. इथे वरचा अर्धा भाग पांढरा आणि खालचा नुसता ओला होता. तेवढ्यात कॉम्प्रेसर बंद पडला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद.

"गॅस कमी," वन्सं म्हणाल्या. "गळती न शोधता वरवर भरलाय."

मला जरा खटकलं. वीज मोजायचं मीटर त्यांच्या पिशवीत तसंच होतं, पिशवीची चेनही उघडली नव्हती. पण मी ब्र काढला नाही. मला जे ऐकायचं होतं तेच त्या बोलत होत्या.

"लिहून घ्या, सिस्टर," वन्सं बाकाखाली शिरताना म्हणाल्या. कॉम्प्रेसरवरचं झाकण काढून त्यांनी मागे सरकवलं, ते माझ्या पायाशी आलं. "लिहा, गॅस कमी भरला. गळती तपासली नाही. नऊ वर्षं डोक्यावर बर्फ ठेवून शिकवलं मी त्याला. एक गोष्ट सांगितली होती, घाई करू नकोस. पण ज्याला स्वतःच्या नावाची घाई…" पुढचं मी लिहीत नाही. सिस्टरनीही लिहिलं नाही, पण आधीची दोन वाक्यं त्यांनी नेटक्या अक्षरात उतरवून घेतली.

आता गॅस खरंच किती आहे ते बघायचं तर तो सगळा बाहेर काढून मोजावा लागतो. हवेत सोडून द्यायचा नाही, रिकाम्या बाटलीत ओढून घ्यायचा. वन्संनी दाब मोजायच्या गेजच्या नळ्या जोडल्या, नळ्यांतली हवा आधी काढून टाकली, बाटली माझ्या काट्यावर ठेवली आणि काट्याचा आकडा शून्यावर आणला. मग गॅस ओढून घेणारं यंत्र गुरगुरत राहिलं आणि आम्ही तिघी चहा पीत आकडा चढताना बघत बसलो. बोट हलली की आकडाही हलायचा. माझं पोटही.

आकडा एकशे सदतीसवर थांबला. तिथून हलेना.

मी पाय पसरायला जागा करावी म्हणून ते झाकण उचललं. आतल्या बाजूला पांढरी पट्टी होती.

"वन्सं, इथे काहीतरी लिहिलंय."

त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. पट्टीवर तारीख होती. खाली 'गळती तपासली, नाही'. त्याखाली 'एकशे चाळीस ग्रॅम' आणि पक्कडची सही. कंपनीने यंत्रावर छापलेला आकडाही एकशे चाळीसच होता. उरलेले तीन ग्रॅम नळ्यांतच राहतात, हे वन्संनीच मला शिकवलेलं.

"काटा बिघडलाय," वन्सं म्हणाल्या.

माझ्या काट्याला असं कुणी बोललेलं मला चालत नाही. मी बाटली खाली उतरवली, काटा पुन्हा शून्यावर आणला आणि माझ्या पिशवीतून शंभर ग्रॅम लिहिलेला बिस्किटाचा पुडा काढून त्यावर ठेवला. एकशे तीन, कागदासकट. वन्संनी पुडा उचलला, परत ठेवला. एकशे तीन. तिसऱ्यांदा ठेवला. मग त्यांनी ती पट्टी डोळ्यांजवळ धरून पाहिली. पट्टी सरळ चिकटवलेली होती, कोपरे दाबून बसवलेले, तारखेखाली रेघ. त्यांनी शिकवलं होतं अगदी तस्सं.

"सिस्टर, तो कागद फाडा."

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही…"

"फाडा हो. गॅस बरोबर आहे. एक ग्रॅम इकडचा तिकडे नाही." मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "वहिनी, मी वीज बघितली होती का गं?"

"नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

"नाही," वन्सं म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. पस्तीस वर्षांत मी त्यांना काम अर्धं टाकून बसलेलं पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. त्यांना निदान शिष्याचा राग होता. मला तर ऑम्लेटांचा.

पण बसून राहणं त्यांना जमत नाहीच. दोन मिनिटांत उठल्या आणि पिशवीतून जुन्या गाडीच्या हेडलाइटचा दिवा काढला, दोन वायरी लोंबत असलेला. मीटरपेक्षा त्यांचा या दिव्यावर जास्त विश्वास. तो भरपूर वीज खातो, त्यामुळे वायर नुसती जिवंत आहे की खरंच काम करण्याइतकी धड आहे, ते त्याला लावलं की कळतं. आधी थेट बॅटरीला लावला. लख्ख पांढरा उजेड. मग कॉम्प्रेसरच्या पेटीपाशी येणाऱ्या वायरींना लावला. पिवळट, आजारी उजेड, आणि बघताबघता आणखी मंद.

"वाटेत कुठेतरी वीज अडते," वन्सं म्हणाल्या. "कॉम्प्रेसर जोर लावायला जातो, वीज पुरत नाही, पेटी त्याला बंद करते. म्हणून पत्रा अर्धाच गोठतो. लांबच्या प्रवासात बॅटरी थोडी उतरली की मग तो उठतच नसणार."

दिवा तसाच लावलेला ठेवून त्या वायर हाताने चाचपत निघाल्या. बाकाखालून, कपाटामागून, पायऱ्यांच्या बाजूच्या लाकडी पॅनेलपर्यंत. पॅनेलचे चार स्क्रू काढले. आत वायरींचा जुडगा. त्यांनी एकेका वायरीवर बोटं फिरवली आणि एके ठिकाणी हात झटकन मागे घेतला.

"तापलाय."

तिथे जोड होता. त्यावर काळी टेप, टेपवर पांढरा मेणाचा दोरा, तीन गाठी.

मी दोरा ओळखला. सिस्टरना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वन्संनी कात्रीने दोरा कापला, टेप सोडवली. आतून हिरवी पूड सांडली, वायरीच्या तारा काळ्या पडून तुटत आल्या होत्या. जोडावर जी रबरी नळी तापवून चढवायची असते, पाणी आत जाऊ नये म्हणून, ती नव्हतीच.

वन्संना दिवस आठवला तसा मलाही आठवला. सहा वर्षांपूर्वी हा फ्रीज वन्संनीच बसवला होता. तेव्हा पक्कड दुसऱ्या बोटीवर होता. दुपारी मी फोन केला होता, रडत. माझा नवरा, म्हणजे त्यांचा भाऊ, शिडीवरून पडला होता आणि त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. वन्सं पंधरा मिनिटांत तिथे पोचल्या, हाताला अजून मेण लागलेलं होतं. तीन रात्री त्या तिथल्या लोखंडी बाकावर बसून होत्या. नळी उद्या चढवू म्हणून त्यांनी नुसता दोरा बांधला असणार, आणि तो उद्या आलाच नाही.

"कुणाचं काम हे?" सिस्टरनी विचारलं. पेन उघडलेलं होतं.

मी सिस्टरच्या मागे उभी होते. वन्संकडे बघून मी मान हलवली, नको. मग तेवढ्याने भागेना म्हणून तोंडानेही बोलले, "सहा वर्षं जुनं दिसतंय. खाऱ्या हवेत कुठलाही जोड सहा वर्षांनी जातोच हो." यात खोटं काहीच नव्हतं. जोड जुना होता, हवा खारी होती, पक्कड सुटत होता. आणखी काय हवं होतं?

"माझं," वन्सं म्हणाल्या. "द्या इकडे ते पेन."

आणि कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी स्वतः लिहिलं. शब्द मला पाठ आहेत. 'बिघाड वायरीच्या जोडात. जोड सहा वर्षांपूर्वी मी केला, त्यावर संरक्षक नळी बसवायची राहिली. गॅस नेमका भरलेला आढळला. सध्याच्या मेकॅनिकचा दोष नाही.' खाली सही, तारीख, आणि तारखेखाली रेघ. सिस्टरनी कागद दोनदा वाचला. घडी घालून ठेवला. आणि मला वन्संचा असा अभिमान वाटला की सांगता सोय नाही, आणि रागही तितकाच आला, कारण आता संध्याकाळपर्यंत सगळ्या धक्क्याला कळणार होतं.

वन्संनी नवा जोड केला, रबरी नळी तापवून चढवली, पण पॅनेल लावलं नाही. गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यावी लागते, त्यासाठी पंप लावला. पंपाला तासभर तरी द्यावा लागतो. तो तसा चालू ठेवून त्या म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"समोर."

पक्कडच्या दुकानात आम्ही पहिल्यांदाच पाय ठेवला. स्वच्छ दुकान. भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. आम्हाला बघून तो स्टुलावरून असा उठला की स्टूल आडवं झालं. चौतिशीचा बाप्या, केसांत पांढरं दिसायला लागलेलं, आणि हात पाठीमागे बांधून उभा.

"फ्रीजचं सापडलं," वन्सं म्हणाल्या. चार वर्षांनी बोललेलं हे पहिलं वाक्य. "पायऱ्यांजवळच्या पॅनेलमागे वायरीचा जोड सडलाय. तू बॅटरी मोजलीस?"

"हो, आत्या."

"पेटीवर मोजलंस?"

"हो. कमी येत होती. म्हणून तर पेटी बदलली."

"पेटीपर्यंत कमी येते म्हणजे मध्ये अडते, एवढं कळलं नाही? मी हेच शिकवलं? मधली वायर का नाही तपासलीस?"

तो वाकून आडवं पडलेलं स्टूल उभं करायला लागला. मला वाटलं, आता पुन्हा "काही नाही, सहज" म्हणतो की काय.

"तपासायला घेतली होती, आत्या. पॅनेल उघडलं होतं मी."

"मग?"

"आत तुमचा दोरा दिसला. म्हणून परत लावून टाकलं."

तो जोड वन्संचा आहे म्हणजे बिघाड तिथे असूच शकत नाही, म्हणून या शहाण्याने पेटी बदलली, गॅस बदलला, आपल्या तीन बोटी घालवायला निघाला, पण त्या दोऱ्याला हात लावला नाही. आणि आम्ही दोघी सकाळपासून त्याच्या नावाने खडे फोडत होतो. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. ऑम्लेटचा विषय माझ्यापुरता तिथेच मिटला.

"गाढव आहेस," वन्सं म्हणाल्या. "पिशवी घे. चल बोटीवर."

बोटीवर वन्संनी त्याला पॅनेलपुढे बसवलं आणि नवा जोड त्याच्या हातात दिला. जोड धड आहे की नाही ते दोन्ही बाजूंनी वायर ओढून बघतात.

"ओढ."

त्याने ओढल्यासारखं केलं.

"हे काय? तुझ्या वैऱ्याने केलाय असं समज आणि ओढ."

त्याने दोन्ही हातांनी, दात ओठ खाऊन ओढला. जोड टिकला. मग त्याने काट्यावर बघत बघत गॅस भरला, एकशे चाळीस, आणि कॉम्प्रेसर चालू केला. या वेळी तो मध्येच थांबला नाही. पत्रा वरून गोठत खाली यायला लागला. पण पुरता गोठेपर्यंत वाट बघण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही. सिस्टर वर जाऊन परवाच्या लसींसाठी फोन करत होत्या.

"या पॅनेलमागे माझे अजून सात जोड आहेत," वन्सं म्हणाल्या. "दिव्यांचे, पंपाचे. मेन बटण बंद कर, फ्रीजचं सोडून, आणि सगळे तपास."

"आत्या, ते ठीकच असतील."

"तपास म्हटलं ना."

त्याने एकेक ओढून पाहिला. पाच टिकले. सहावा त्याच्या हातात आला. वायरीचं एक टोक एका मुठीत, दुसरं दुसऱ्या मुठीत, आणि वन्संकडे बघणारा त्याचा चेहरा, जसं काही याने त्यांच्या घराची भिंतच पाडली होती.

"बघतोस काय?" वन्सं म्हणाल्या. "नीट कर."

त्याने खिशातून पक्कड काढली आणि कामाला लागला. आत अंधार होता म्हणून वन्सं टॉर्च घेऊन त्याच्या खांद्याशी वाकून उभ्या राहिल्या.

"आत्या, जरा डावीकडे," तो म्हणाला.

वन्संनी टॉर्च डावीकडे धरला.